निळ्या पासपोर्टवाल्यांनो, पुण्यात सुखाने म्हातारे व्हा!

अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन आता पुण्यात निवांत राहायला येताय? या, या. काही अनुभवी सल्ले देतो.

पहिला सल्ला: आईवर माया करा, पण बँकेत नको. तिच्या एफडीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणून नाव लावलंत की अमेरिकेच्या लेखी ते तुमचं परदेशी खातं झालं. सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरवर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, अमेरिकन सरकारकडे भरायचा, पुण्यात राहूनही. पैसे आईचे, तिच्या पेन्शनमधून साठवलेले, पण हिशेब वॉशिंग्टनला तुम्ही द्यायचा. तोही कसा? दर खात्यातली वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक, 31 डिसेंबरच्या दराने डॉलरमध्ये. त्यासाठी परवा बँकेत स्टेटमेंट मागायला गेलो. "जानेवारी ते डिसेंबर? तसं निघत नाही हो. एप्रिल ते मार्च घ्या." बरं, दोन्ही वर्षांची द्या. "जुन्याला अर्ज लागेल, पहिल्या खातेदाराची सही. आजींना घेऊन या ना!" आजींचे गुडघे गेलेत, आणि बँकेला अकरा पायऱ्या आहेत! शेवटी पासबुक घेऊन बसलो. शाई इतकी पुसट की तीन की आठ, ते उन्हात धरूनही कळेना. आणि चुकलं तर दंड 10,000 डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. चोर कोण, तर पासबुक उन्हात धरून बसलेला मुलगा!

दुसरा सल्ला: एसआयपी जरूर करा. भारतीय म्युच्युअल फंड तिकडच्या करखात्यासाठी 'पीफिक', म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी ठरतो, दर फंडाला बहुधा वेगळा 8621 फॉर्म. तुमचा सीपीए, म्हणजे तिकडचा सीए, तुमच्या फीवर आपल्या मुलांना चांगल्या कॉलेजात घालेल.

पीपीएफ करमुक्त असतं. इथे.

मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांच्या अमेरिकन सरकारी विम्याचं, कार्ड जपा. पुण्यातल्या हॉस्पिटलात त्यावर काही मिळत नाही, पण दिसतं छान.

"कोण बघतंय?" म्हणणारा मित्र हवाच. 2015 साली दोन्ही सरकारांनी फॅटकाचा, म्हणजे अमेरिकनांच्या खात्यांची माहिती देण्याचा, करार केलाय, तुमची बँकच सगळं कळवते, हे त्याला सांगून त्याचा हिरमोड करू नका.

आणि पेन्शन. तिकडच्या सरकारी पेन्शनला, सोशल सिक्युरिटीला, 40 क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. नऊ वर्षं भरून परतलात तर पैसे गेले. इथल्या पीएफची वर्षं त्यात धरत नाहीत, कारण दोन देशांत तसा करारच नाही. जर्मनीशी अमेरिकेचा आहे, भारताचाही आहे. एकमेकांशी नाही! माहिती द्यायचा करार झाला, पेन्शनचा नाही. दरवर्षी 'चर्चा सुरू आहे' एवढंच ऐकायचं.

आता सल्ले पुरे. 2019 साली 'हाउडी मोदी'ला ह्यूस्टनचं स्टेडियम भरलंत ना? दोन्ही देशांचे नेते समोर एका मंचावर होते. घसा बसेपर्यंत ओरडलात, सेल्फी काढल्यात. आपल्या कापलेल्या पैशांचं काय, असं एकानेही विचारलं नाही. तेव्हा तोंड शिवलं होतं का? मग आता सीपीएच्या बिलावरून मला फोन करून रडू नका.