कात्रजचे उच्छ्वास उघडले की पुण्याची तहान भागेल?

दर उन्हाळ्यात पुण्यात पाणीकपातीची चर्चा सुरू झाली की एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा : नानासाहेब पेशव्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी विजेशिवाय, पंपाशिवाय कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. तो भुयारी नळ आजही जसाच्या तसा आहे. त्याच्यावरच्या उच्छ्वासांची, म्हणजे हवा-सफाईसाठीच्या मनोऱ्यांची, झाकणं उघडा, गाळ काढा, पाणी सोडा. सगळ्या पुण्याला शुद्ध पाणी फुकट मिळेल. शिवाय तेव्हा ओढ्यांना कोणी हात लावला नाही, म्हणून पूरही येत नसत.

योजना खरी आहे आणि तिचं कौतुकही रास्त आहे. मजकुरातले बाकीचे दावे एकेक करून पाहू.

"सगळ्या पुण्याला पाणी मिळेल."

इथे साधा हिशेब पुरतो. कात्रज तलावांचं पाणलोट क्षेत्र सोयीसाठी 10 चौरस किलोमीटर धरू. पुण्याचा सरासरी पाऊस सुमारे 720 मिलिमीटर. म्हणजे वर्षाला 720 कोटी लिटर पाणी पडलं. त्यातलं बरंच मुरतं, उडून जातं. 40 टक्के तलावात आलं असं उदारपणे मानलं, तर 288 कोटी लिटर, दिवसाला साधारण 79 लाख लिटर. तलावातून होणारं बाष्पीभवन यात धरलेलंच नाही.

आता गरज. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीतली लोकसंख्या 31 लाखांवर होती, आज ती त्याहून कितीतरी जास्त आहे. मोठ्या शहरांसाठीचा दरडोई 150 लिटरचा निकष लावला, तर त्या जुन्या लोकसंख्येलाही रोज सुमारे 47 कोटी लिटर लागतात. कात्रजचा वाटा दोन टक्क्यांहून कमी. क्षेत्र दुप्पट धरा, तरी चार टक्क्यांच्या आत. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून साठा सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट). आपल्या हिशेबातलं कात्रजचं वर्षभराचं पाणी जेमतेम 0.1 टीएमसी.

पेशव्यांच्या काळी मात्र हेच पाणी भरपूर होतं. वस्ती लाखाच्या आसपास, विहिरी जोडीला, आणि पाणी हौदावरून घागरीने वाहून न्यायचं. माणशी 40 लिटर धरले तर 79 लाख लिटर जवळपास दोन लाख लोकांना पुरतात. योजनेचं यश बांधकामाइतकंच त्या वापरात होतं. ही बाजू मजकुरात येत नाही, कारण ती आपल्या फ्लशपर्यंत येऊन पोहोचते.

"नळ जसाच्या तसा आहे."

काही ठिकाणी आहे, सलग मात्र नाही. दगड-चुन्याचा हा नळ आज दाट वस्तीखालून जातो. पाया, बोअर, ड्रेनेजचे चर, केबलचे चर, कशानेही तो फुटू शकतो. ठिकठिकाणच्या मनोऱ्यासारख्या उच्छ्वासांना तीन कामं होती : कोंडलेली हवा बाहेर सोडणं, तळाच्या खोलगट भागात गाळ बसू देणं आणि सफाईसाठी माणसाला आत उतरायला वाट देणं. त्यातला एक बुजला की वरचा गाळ पुढे सरकतो आणि नळ तिथेच तुंबतो. शिवाय हा उताराने वाहणारा नळ. दाबाची पाइपलाइन नव्हे. पाणी हौदात पडेल, दुसऱ्या मजल्यावर चढणार नाही. तिथे पंप आलाच, वीजही आली.

"पाणी शुद्ध असेल."

हा दावा सगळ्यात घातक आहे. दाबाची पाइपलाइन फुटली तर पाणी बाहेर येतं. उताराच्या नळात दाब नसतो. भोवतालची जमीन ओली असेल तर चिरांमधून बाहेरचं पाणी आत येतं. तेव्हा भोवती शेतमळा होता, आज ड्रेनेज आहे. कात्रजच्या दोन तलावांपैकी वरच्यात गाळ बसवून खालच्यातून निवळलेलं पाणी घ्यायचं ही युक्ती उत्तम होती, पण निवळल्याने जंतू मरत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार 100 मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म (दूषित पाण्याची खूण असलेले जंतू) शून्य हवेत आणि नळाच्या टोकाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरायला हवं. तलावाच्या वरच्या अंगाला वाढलेल्या वस्त्यांचं सांडपाणी पाहता प्रक्रियेशिवाय हे पाणी पिण्याचा विचारही नको.

"ओढ्यांना कोणी हात लावला नाही."

साफ चूक. आंबिल ओढा पूर्वी जुन्या गावातून वाहायचा. तो पर्वतीच्या बाजूने वळवला तो पेशवाईतच. फरक असा की त्यांनी वळवताना नव्या वाटेवर पाण्याला जागा ठेवली. नंतर त्या जागेत भिंती आल्या, पूल अरुंद झाले, घरं आली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याने काय केलं ते अरण्येश्वर, सहकारनगर विसरलेलं नाही.

मग जुन्या योजनेचा आज उपयोग काय? आहे, पण तो वेगळाच. आधी मार्ग पक्का करावा लागेल : दिसणारे उच्छ्वास आणि हौद जीपीएसने नोंदवायचे, मधल्या टप्प्यांवर जमिनीखालची पोकळी दाखवणारं भूगर्भ रडार फिरवायचं, आणि फ्लोरेसिनसारखा रंग वर सोडून तो खाली कुठे निघतो ते पाहायचं. रंग निघालाच नाही तर मधे तुंबलंय किंवा फुटलंय. मग ती रेघ विकास आराखड्यात आणि खोदाईच्या परवान्याच्या नकाशात. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुना भुयारी जलमार्ग अचानक हाती लागला. असं आधी नकाशात दिसायला हवं.

जे टप्पे शाबूत निघतील त्यांत घुसलेली ड्रेनेजची जोडणी तोडून ते पाणी बागा, बांधकाम, अग्निशमन यांना देता येईल. टँकरच्या काही फेऱ्या वाचतील, त्याहून मोठी अपेक्षा नको. हौद-विहिरींचं मोल मात्र वेगळं आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि शहराचा पाणीपुरवठा तुटला. तेव्हा विहिरीच कामाला आल्या. एकाच धरणसाखळीवर शहराचा बहुतांश भाग टांगलेला असताना हा दुसरा साठा बुजवणं परवडणारं नाही.

आणि तलाव. पावसाळ्याच्या अखेरीस ते काठोकाठ ठेवले की मोठी सर थेट ओढ्यात उतरते. सप्टेंबरात पातळी थोडी खाली ठेवून नंतर भरून घेतली, तर तेच तलाव पुराची धार बोथट करतील. त्यासाठी गाळ काढलेला, दरवाजे चालू आणि सांडवा मोकळा हवा. तिन्ही कामं मेअखेर तपासून व्हायला हवीत.