हिऱ्यांचं राहू द्या, आत काय आहे ते सांगा

मला एक घड्याळ घ्यायचं होतं. एवढंच. चावी द्यायचं, आत चाकं फिरणारं, कानाशी धरलं की टिकटिक ऐकू येणारं. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या मनगटासाठी, कित्येक वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकून. परवा त्या चकचकीत दुकानातून बाहेर पडले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती अजून उतरलेली नाही.

काउंटरसमोर मी बसलेली, शेजारी नवरा. त्याला घड्याळातलं काडीचं कळत नाही आणि हे तो स्वतःच सांगतो. मनगट मोकळं, वेळ मोबाइलवर बघणार. मी विचारलं, "यात कॅलिबर कोणतं आहे?" कॅलिबर म्हणजे आतलं मशीन. विक्रेता नवऱ्याकडे वळून म्हणाला, "सर, मॅडमसाठी हे बघा, बेझलवर अस्सल हिरे आहेत." मी विचारलं, "पूर्ण चावी दिली की किती तास चालतं?" "सर, डायल मदर ऑफ पर्लची आहे." नवरा बिचारा माझ्याकडे बोट दाखवून सांगतोय, अहो, घड्याळ तिला घ्यायचंय, तिच्याशी बोला. तर हा हसून म्हणतो, "हो हो, शेवटी पसंती मॅडमचीच!" म्हणजे पसंती माझी आणि अक्कल सरांची.

शेवटी मीच ते घड्याळ उलटं करून पाहिलं. मागची बाजू बंद. सेकंदकाटा सेकंदाला एक उडी मारत होता, तेव्हाच कळायला हवं होतं. सेलवालं! "मॅडम, तुम्हाला कटकट नको म्हणून. चावी द्यायला नको, वेळ लावत बसायला नको." अहो, तीच कटकट विकत घ्यायला आलेय ना मी!

क्वार्ट्झशी, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळांशी, माझं वैर नाही. साधं सेलवालं घड्याळही भल्याभल्या यांत्रिक घड्याळांपेक्षा अचूक वेळ दाखवतं. पण मग ते तसंच विका ना. बाहेर सोनं, कडेला हिरे आणि आत सेल, याला आपल्याकडे बडा घर पोकळ वासा म्हणतात. आणि संताप कशाचा येतो सांगू? शेजारच्याच कप्प्यात त्याच नावाचं, त्याच रूपाचं पुरुषांचं घड्याळ होतं. मागे काच, काचेतून दिसणारं बॅलन्स व्हील, म्हणजे पुढेमागे झुलत वेळेची लय धरणारं चाक, चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर केलेली नक्षी, सगळं साग्रसंगीत. त्याला मशीन आणि मला माळ. नाकापेक्षा मोती जड ही म्हण ज्याने काढली त्याने बायकांची महागडी घड्याळंच बघितली असावीत.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: बायकांचं घड्याळ लहान, लहान केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीत, मशीन बसवणं अवघड. अवघड आहे, मान्य. केस लहान झाली की मुख्य स्प्रिंग लहान, म्हणजे साठवलेली ताकद कमी. बॅलन्स व्हील लहान आणि हलकं, म्हणजे हाताच्या हालचालीने त्याची लय लवकर बिघडणार. तेलाचा थेंब जरा इकडचा तिकडे झाला तरी फरक पडणार. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. जेजेर-लकूल्त्र या स्विस कंपनीने १९२९ साली कॅलिबर १०१ केलं. लांबी १४ मिलिमीटर, रुंदी पाचाच्याही आत, आणि सगळं मिळून वजन सुमारे एक ग्रॅम. हे मशीन बायकांच्या नाजूक घड्याळांसाठीच होतं. राणी एलिझाबेथच्या मनगटावर १९५३च्या राज्याभिषेकात हेच होतं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी जे हाताने जमलं, ते आज संगणकावर चालणारी यंत्रं हाताशी असताना जमत नाही? बरं, तेवढी कमाल कोणी मागतही नाही. रोलेक्सचं लेडी-डेटजस्ट २८ मिलिमीटरचं आहे आणि त्यातलं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, मशीन ५५ तास चालतं. जागा नाही हे कारण मला सांगू नका. जागा आहे, इच्छा नाही.

आणि इच्छा कशी आटते तेही बघा. ऑडेमार्स पिगे या कंपनीचं रॉयल ओक हे घड्याळ १९७२ साली आलं, ३९ मिलिमीटरचं. झाकलीन दिमिए या डिझायनर बाईंनी १९७६ला त्याचं बायकांसाठीचं रूप केलं, २९ मिलिमीटरचं. आकार कमी झाला, पण आतलं ऑटोमॅटिक मशीन कायम राहिलं. आता २०२४ला त्याच घड्याळाची २३ मिलिमीटरची छोटी आवृत्ती आली, दिसायला देखणी, आणि आत क्वार्ट्झ. गाडी पुढे चाललीये की मागे?

सगळ्यात मोठा विनोद म्हणजे मनगटी घड्याळ हा मुळात बायकांचाच दागिना. अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळजीने १८१० साली ज्या मनगटी घड्याळाची मागणी घेतली ती नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिची. १८१२ला ते पूर्ण झालं. लंबगोल, वेळ वाजवून सांगणारं, वर थर्मामीटर, आणि पट्टा केसांत सोन्याची तार गुंफून केलेला. राणीला कोणी म्हणालं नाही की बाईसाहेब, वाजवून सांगायची कटकट कशाला. पाटेक फिलिपने १८६८ला बनवलेलं मनगटी घड्याळही हंगेरीच्या एका काउंटेससाठीचं. पुरुष तेव्हा खिशातून साखळी ओढून वेळ बघत होते आणि मनगटावर घड्याळ बांधणं बायकी म्हणून नाकं मुरडत होते. पहिल्या महायुद्धात खंदकात बसल्यावर एक हात मोकळा लागतो हे त्यांच्या लक्षात आलं. मग मनगट एकदम मर्दानी झालं, आणि ज्यांची मूळ वस्तू त्यांच्या वाट्याला सेल आला.

चंद्राचं तर विचारूच नका. यांत्रिक घड्याळात बायकांसाठी काही करायचं म्हटलं की यांना चंद्रच सुचतो, म्हणजे तबकडीवर चंद्राच्या कला दाखवणारी खिडकी. "किती रोमँटिक ना मॅडम!" मी म्हटलं, चंद्राच्या चाकाला दात किती? तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी त्याच्याच दातांची चौकशी केलीये. अरे बाबा, साध्या चंद्रकलेच्या चाकाला ५९ दात असतात, म्हणजे साडेएकोणतीस दिवसांची दोन आवर्तनं. खरा चांद्रमास त्याहून सुमारे ४४ मिनिटांनी मोठा असतो, म्हणून अडीच-पावणेतीन वर्षांत एक दिवस चुकतो. १३५ दातांचं चाक असेल तर तोच दिवस चुकायला १२२ वर्षं लागतात. मला रोमँटिक वाटतं ते हे. निळ्या तबकडीवर चार चांदण्या चिकटवल्या म्हणून मी विरघळणार नाही.

"मग पुरुषांचं घ्या की" असं म्हणणाऱ्यांनाही सांगते. मागितलं. ३६ मिलिमीटरचं, साधी पांढरी तबकडी, हाताने चावी द्यायचं. कप्प्यातून काढतानाच म्हणाला, "मॅडम, हे जेन्ट्स आहे हां." हो का? यंत्राला कळतं का ते? घालून पाहिलं, तर व्यास ठीक होता, पण पट्टा अडकवायचे कान इतके लांब की मनगटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. माझं मनगट बारीक आहे, हा माझा गुन्हा नाही. म्हणजे माझ्या मापाचं घ्यावं तर आत मशीन नाही, मशीनचं घ्यावं तर माप नाही. पाटेकने २००९ला आपलं नवं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं, मशीन पहिल्यांदा बायकांच्या घड्याळात आणलं, हिरे लावून का होईना. त्यामुळे आभाळ कोसळलं नाही. एकदा जमतं तर नेहमी का नाही?

काहीही न घेता उठले. जाताना विक्रेत्याने कार्ड नवऱ्याच्या हातात दिलं आणि फोन नंबरही त्याचाच लिहून घेतला.

आज दुपारी फोन आला, अर्थात नवऱ्याला. "सर, मॅडमसाठी नवीन पीस आलाय, एकदम एक्सक्लुझिव्ह." नवऱ्याने न बोलता फोन माझ्याकडे दिला. मी विचारलं, "आत मशीन कोणतं आहे?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग मोठ्या उत्साहात, "मॅडम, पट्टा गुलाबी आहे!"