म्हयनो काढूचो आसा

गणपतीत देवगडला गेलो तेव्हा आत्या विळीवर रक्तदाबाची गोळी अर्धी करताना दिसली. पाकीट संपत आलं की ती असंच करते म्हणे. मी रागावलो तर म्हणाली, "झिला, म्हयनो काढूचो आसा मा."

बाहेर पडवीत त्याच वेळी वाद चालला होता पाच लाखांचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, मग उपचारासाठी गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जायचं की कोल्हापूरला? योजना चांगली आहे, ती हवीच. पण तिचा खरा उपयोग पेशंट दाखल झाल्यावर. तिच्या जोडीच्या केंद्राच्या आयुष्मान भारतमध्येही घरी सोडल्यावर १५ दिवसांची औषधं धरली आहेत. आत्याचा रक्तदाब जन्माचा आहे.

मी मॉन्ट्रियलला राहतो. कॅनडात डॉक्टर आणि हॉस्पिटल सरकारी खर्चाने, पण घरी घ्यायच्या औषधांचं प्रत्येक प्रांत आपापलं बघतो. आमच्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून औषधविमा सगळ्यांना सक्तीचा केला. नोकरीत गटविमा मिळत असेल तर तो घ्यायचाच, नाहीतर सरकारी. सरकारी विम्याचा हप्ता उत्पन्नावर ठरतो आणि इन्कम टॅक्सबरोबर भरावा लागतो, वर्षभरात एक गोळी लागली नाही तरी. दुकानात सरकारी यादीतल्या औषधाच्या बिलात सुरुवातीची ठरावीक रक्कम आपली, उरलेल्यातला काही टक्का आपला. पण महिन्याला एक मर्यादा असते. ती गाठली की त्या महिन्यात पुढे काही द्यावं लागत नाही. सरकारी विम्यातल्या १८ वर्षांखालच्या मुलांना तर ही औषधं मोफत. आजारी माणसाला महिन्याचा जास्तीत जास्त खर्च आधीच माहीत असतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये. १९९६ च्या ऑगस्टमध्ये क्वेबेकने वृद्धांना आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना औषधांच्या बिलाचा चौथा हिस्सा भरायला लावला. त्यावरचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला: अत्यावश्यक औषधांचा वापर वृद्धांत सुमारे ९ टक्क्यांनी घटला, गरिबांत १४ टक्क्यांनी, आणि इमर्जन्सीत येणारे वाढले. म्हणजे तिथेही आत्या होत्या. पुढे मदतीवरच्या लोकांना आणि सर्वांत गरीब वृद्धांना औषधं मोफत करावी लागली.

आपल्याकडे हप्ता कापायला पगारच कुठे? ट्रॉलरवरच्या खलाशाला, कलमांच्या बागेत मजुरी करणाऱ्याला पगारपत्रक नसतं. त्यामुळे हा खर्च करातूनच व्हायला हवा. सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत आहेत, जनऔषधीत स्वस्त आहेत, हे मान्य. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीही फुकट आहे. पण सकाळची गाडी पकडून रांगेत उभं राहायचं आणि "साठा संपलाय, पुढच्या आठवड्यात या" ऐकून परतायचं, असं दोनदा झालं की आत्यासारखी बाई तिसऱ्यांदा जात नाही. रक्तदाब आणि मधुमेहाच्या मोजक्या गोळ्या, एकदम तीन महिन्यांच्या, वाडीजवळच्या आरोग्य उपकेंद्रात द्या. तिथे संपल्या तर गावातल्या मेडिकलवाल्याने त्याच चिठ्ठीवर द्याव्यात आणि त्याचं बिल सरकारने भरावं. म्हातारीकडून दहा रुपयेही घेऊ नयेत.

पडवीत मी हे बोललो तेव्हा एक काका म्हणाले, तू तिकडून पैसे पाठव, तिचा प्रश्न मिटला. पाठवतोच. शेजारच्या घरातली काकीसुद्धा गोळी अर्धीच घेते, तिचं परदेशात कोणी नाही.