तिसऱ्या अपत्याचा हिशेब

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या जपानी शेजारणीला गेल्या वर्षी तिसरे मूल झाले. आम्ही टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा प्रभागात, निशी-कासाई भागात राहतो. बाळ महिन्याचे झाले असेल, तेव्हा ती लिफ्टपाशी भेटली आणि तिने पिशवीतून प्रभाग कार्यालयाचे पत्र काढून दाखवले. थोरल्या दोघांना दरमहा प्रत्येकी १० हजार येन मिळतातच, आता धाकट्यासाठी दरमहा ३० हजार येन मिळणार होते, तेही तो अठरा वर्षांचा होईपर्यंत. ऑक्टोबर २०२४ पासून जपान सरकारने बालभत्त्यासाठीची उत्पन्नाची अटही काढून टाकली आहे, त्यामुळे नवऱ्याचा पगार चांगला असूनही तिला पूर्ण रक्कम मिळते.

त्याच आठवड्यात गावाकडून आतेबहिणीचा फोन आला. ती ग्रामपंचायतीत महिलांसाठी राखीव जागेवर निवडून आली होती. पदरात दोन मुली असताना सासरच्या आग्रहापुढे तिचे काही चालले नाही आणि तिसरी खेप झाली, तीही मुलगीच. विरोधी गटाने बाळाच्या जन्माचा दाखला जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली आणि तिचे सदस्यत्व गेले. वरच्या आळीत नळ न्यायचे काम तिने दीड वर्ष पाठपुरावा करून मंजूर करून आणले होते, त्याचा नारळ फोडायला ती नव्हती. फोनवर ती एवढेच म्हणाली, "ताई, मी नको म्हणत होते गं." तिच्या नवऱ्याला कसलाच दंड झाला नाही, कारण तो कोणत्याही पदावर नव्हता. सासूबाईंचे तर कायद्याशी काही देणेघेणेच नव्हते.

महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनहून अधिक अपत्ये झालेली व्यक्ती पंचायतीच्या निवडणुकीस अपात्र ठरते, आणि शासकीय नोकरीसाठीही २००५ च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. हरियाणातील अशाच तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवले. या अटीवर आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, पण लोकसंख्येवर मात्र अखंड चालू असते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी लोकसंख्येच्या विस्फोटाबद्दल चिंता व्यक्त केली आणि लहान कुटुंब ठेवणे ही देशभक्ती असल्याचे सांगितले. पाच वर्षांनी सूर पालटला. आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांतील दोन अपत्यांची अट रद्द केली, कारण मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांना आता अधिक मुले हवी आहेत. १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांचे प्रमाण, २.१ च्या खाली जाणे समाजाला घातक असल्याचे सांगून दोन-तीन मुलांचा आग्रह धरला. बायकांनी कमी मुले जन्माला घालावीत की जास्त, याचे उत्तर पाच वर्षांत उलटे झाले, पण ते ठरवण्याचा अधिकार आपला आहे हे या नेत्यांनी दोन्ही वेळी गृहीतच धरले होते. मला आक्षेप घ्यायचा आहे तो या गृहीतकाला.

घरच्या मंडळींशी बोलताना गर्दीचा मुद्दा नेहमी येतो. "तू तिकडे सुखात आहेस, दादरच्या पुलावर संध्याकाळी उभी राहून बघ," असे माझे काका म्हणतात. त्यांची चीड खरी आहे, कारण त्या पुलावर मीही कॉलेजची पाच वर्षे काढली आहेत. पण मी आज राहते ते टोकियो महानगर सुमारे ३ कोटी ७० लाख लोकांचे आहे, मुंबई महानगर प्रदेशाहून कितीतरी मोठे, आणि येथे सकाळी आठ वाजता गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी गाडीतून पडून माणसे मरत नाहीत. दादरच्या पुलावरील चेंगराचेंगरी पूल किती रुंद बांधला यावर ठरते. मराठवाड्याचा टँकर बराचसा उसाला दिलेल्या पाण्यावर ठरतो. माणसांच्या संख्येचा ताण नसतो असे मी म्हणत नाही. परंतु प्रत्येक अपुरेपणाचे खापर जन्मणाऱ्या मुलावर फोडले की ज्यांनी पूल बांधायचा, पाण्याचे वाटप करायचे, ते आपोआप सुटतात. आणि पृथ्वीवरील भाराचा विचार करायचा तर सरासरी जपानी माणूस सरासरी भारतीयाच्या सुमारे चौपट कार्बन हवेत सोडतो, हेही हिशेबात धरावे लागेल.

जपानची गोष्ट आपल्याकडे हल्ली फक्त म्हाताऱ्यांचा देश म्हणून सांगितली जाते. ती सुरुवातीपासून वाचायला हवी. महायुद्ध हरल्यानंतर परमुलखातून साठ लाखांहून अधिक सैनिक आणि नागरिक परतले, धान्याची टंचाई होती, आणि १९४९ या एका वर्षात सुमारे २७ लाख मुले जन्मली. माणसे फार झाली, ही भीती तेव्हा या देशाच्या अंगात भरली होती. त्या भीतीतून १९४८ मध्ये जो कायदा झाला त्याचे नावच वंशसंरक्षणाचे होते. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. एका बाजूला गर्भपाताला मुभा दिली गेली आणि १९४९ च्या दुरुस्तीने ती आर्थिक अडचणीच्या कारणासाठीही मिळू लागली. दुसऱ्या बाजूला 'निकृष्ट' संतती होऊ नये म्हणून अपंग, मनोरुग्ण आणि आनुवंशिक आजार असलेल्या माणसांवर त्यांच्या संमतीशिवाय नसबंदीची शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार शासनाला मिळाला.

पुढे काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. एका स्त्रीमागे सरासरी मुलांचे प्रमाण १९४९ मध्ये ४.३२ होते, ते १९५७ मध्ये २.०४ वर आले. आठ वर्षांत निम्म्याहून कमी, आणि तेही कोणत्याही जोडप्यावर अपत्यांची मर्यादा न घालता. आपली खोली केवढी, मिळकत किती, मुलांना शिकवायचे कुठवर, हे नवराबायकोने घरात बसून ठरवले. त्या मार्गात स्त्रियांच्या शरीरांना बरेच सोसावे लागले, कारण गर्भपात सुलभ असला तरी गर्भनिरोधक गोळीला येथे मान्यता मिळायला १९९९ साल उजाडले. तरीही निर्णय त्यांचा होता. कायद्याच्या दुसऱ्या बाजूने मात्र १९९६ पर्यंत सुमारे २५ हजार माणसांची नसबंदी झाली, त्यांपैकी सुमारे १६,५०० जणांची संमतीविना. कोट्यवधी लोकांच्या देशात अठ्ठेचाळीस वर्षांत या १६,५०० शस्त्रक्रियांनी लोकसंख्येत काही फरक पडला नाही, विकासदरात तर मुळीच नाही. जबरदस्तीने देशाला काहीही मिळवून दिले नाही. ज्यांच्यावर ती झाली त्यांचे आयुष्य मात्र कायमचे बदलले.

मियागी प्रांतातील एका बाईंनी, ज्यांच्यावर पंधराव्या वर्षी ही शस्त्रक्रिया झाली होती, जानेवारी २०१८ मध्ये पहिला दावा दाखल केला. त्या वेळी सर्व कायद्याला धरूनच झाले, अशी सरकारची भूमिका वर्षानुवर्षे होती. ३ जुलै २०२४ रोजी येथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला आणि इतकी वर्षे लोटली म्हणून भरपाईची जबाबदारी टाळता येणार नाही असेही बजावले. त्या संध्याकाळी मी बातम्या पाहत होते. चाकाच्या खुर्च्यांवर बसलेले, काठी टेकत आलेले सत्तरी-ऐंशीचे लोक न्यायालयाबाहेर कॅमेऱ्यांपुढे होते. पंतप्रधान किशिदा यांनी दोन आठवड्यांनी त्यांची समक्ष भेट घेऊन माफी मागितली आणि पुढे प्रत्येकी दीड कोटी येनांची भरपाई देणारा कायदा झाला. दावा लावलेल्यांपैकी काही जण तोवर वारले होते.

हे पाहताना मला आपले १९७६ आठवत होते. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले, देशात असे करणारे आपले पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. त्याचा राग मतपेटीतून निघाला, आणि मग यंत्रणेने पुरुषांचा नाद सोडून बायकांकडे मोर्चा वळवला. माझ्या आईचे 'ऑपरेशन' धाकट्या भावाच्या जन्मानंतर शिबिरात झाले. टाके ओले असताना ती जीपमधून अकरा किलोमीटर परत आली आणि चौथ्या दिवशी चुलीपुढे बसली. आजही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्क्यांची नसबंदी झालेली आहे, आणि पतीची नसबंदी झालेली जोडपी अर्धा टक्काही नाहीत.

त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे. पदावरून काढण्याच्या धाकाने तो खाली आला असे कोणी म्हणेल, तर केरळ आणि तमिळनाडूकडे पाहावे. तेथे पंचायतीसाठी अशी अट नाही आणि दोन्हींचा दर १.८ आहे. मुली शिकल्या, जन्मलेली मुले जगू लागली, पाळणा लांबवण्याची साधने हाताशी आली, आणि बायकांनी आपापले ठरवले. अटीने काय साधले हे पाहायचे असेल तर माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांतील अशाच तरतुदींचा केलेला अभ्यास वाचावा: पद टिकवण्यासाठी बायकोला टाकून देणे, मूल दत्तक दिल्याचे दाखवणे, नको तो गर्भपात लादणे. जेथे मुलगा हवाच असतो तेथे दोनाची अट मुलीच्या मुळावर येते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटातील हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. त्याच वर्षी साताऱ्यात 'नकोशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नवी नावे ठेवण्याचा सोहळा झाला होता.

आर्थिक वाढीचा युक्तिवाद मी हलका मानत नाही. खाणारी लहान तोंडे कमी आणि कमावते हात जास्त, अशी दोन-तीन दशके देशाला एकदाच मिळतात, आणि जपानने त्यांचे सोने केले. पण कमावत्या वयाच्या लोकांची संख्या येथे १९९५ च्या सुमारास शिखरावर पोचली आणि तेव्हापासून घसरते आहे. जननदर २०२४ मध्ये १.१५ झाला. कमी मुलांनी एकेकाळी दिलेली भरभराट आज कमी मुलांनीच आटते आहे, आणि म्हणून सरकार तीस हजार येन घेऊन उभे आहे. शेजारीण ते पैसे आनंदाने घेते, परंतु तिसरे मूल त्यासाठी झाले का असे मी विचारले तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली. तिच्या नवऱ्याच्या कंपनीने त्याला तीन महिन्यांची रजा दिली आणि पाळणाघरात जागा मिळाली, म्हणून धीर झाला, असे तिचे म्हणणे. भत्त्यात आणि अपात्रतेत मी मोठा फरक मानते, कारण भत्ता न घेणाऱ्याचे कोणी काही काढून घेत नाही. पण उद्या येथे मूल नसलेल्या बाईचा हक्क कमी करण्याची भाषा झाली, तर तिलाही माझा तेवढाच विरोध राहील.

ही दृष्टी मला परदेशात येऊन मिळालेली नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली, आणि बाईला स्वतःच्या शरीरावर हक्क आहे म्हणून ते आयुष्यभर लिहीत राहिले. डॉ. आंबेडकरांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत मांडला आणि तो फेटाळला गेला. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागत्या तर त्यांच्यापैकी एकानेही एकाहून अधिक मूल होऊ दिले नसते, असे त्या भाषणात होते. दोघांनाही मुले कमीच हवी होती, पण सुरुवात त्यांनी बाईच्या सोसण्यापासून केली.

म्हणून महाराष्ट्राने ही अट काढावी, आणि आंध्रच्या कारणासाठी काढू नये. मुले वाढवायची म्हणून आज काढलेली अट उद्या कमी करायची म्हणून परत येईल. अट रद्द होईल त्याच अधिवेशनात पुरुष नसबंदीसाठी प्रत्येक तालुक्याला प्रशिक्षित डॉक्टर आणि ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी फडाजवळ पाळणाघर, एवढ्या दोन गोष्टींची तरतूद झाली तरी मी ती मोठी समजेन.

आतेबहिणीने अपील केले आहे. तारीख पडली की ती धाकटीला कडेवर घेऊन एसटीने जिल्ह्याला जाते, कारण घरी तिला सांभाळायला कोणी तयार नसते.