‘ब्लड कॅन्सर बरा करणारं मोफत औषध’: त्या मेसेजमध्ये खरं किती?

“इमिटिनेफ मर्सिलेट नावाचं औषध ब्लड कॅन्सर बरा करतं. चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये ते मोफत मिळतं. हा मेसेज पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.” थोडक्यात असा मजकूर गेली दहाहून अधिक वर्षं आपल्या फोनवर फिरतो आहे. कधी इंग्रजीत येतो, कधी मराठीत, आणि दरवेळी ‘आत्ताच कळलं’ अशा थाटात.

हा मेसेज निव्वळ थाप असता तर इतकं लिहायची गरज नव्हती. त्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्यामुळेच माणसं फसतात. म्हणून एकेक दावा घेते.

दावा: ‘इमिटिनेफ मर्सिलेट’ नावाचं औषध आहे

या नावाचं औषध कुठल्याही केमिस्टकडे मिळणार नाही, कारण ते अस्तित्वातच नाही. खरं नाव इमॅटिनिब मेसिलेट. नोव्हार्टिस कंपनीने ते ग्लिव्हेक या नावाने आणलं आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १० मे २००१ रोजी मंजुरी दिली. म्हणजे ते नवंही नाही. आज भारतातल्या अनेक कंपन्या ते बनवतात.

दावा: ते ब्लड कॅन्सर बरा करतं

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं.

आपण ज्याला सरसकट ब्लड कॅन्सर म्हणतो तो एक आजार नाही. ल्युकेमिया (रक्त आणि अस्थिमज्जेतल्या पेशींचा), लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा, म्हणून गाठी येतात) आणि मायलोमा (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा) हे त्यातले तीन मोठे गट. प्रत्येकाचे पोटप्रकार वेगळे, एकट्या लिम्फोमाचेच साठहून अधिक. एखादा महिन्याभरात जीव घेतो, तर एखाद्यावर काही वर्षं नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं. इमॅटिनिब यांतल्या मुख्यतः एकावर चालतं: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल. फिलाडेल्फिया गुणसूत्र सापडलेल्या एका प्रकारच्या तीव्र ल्युकेमियात ते केमोच्या जोडीला देतात. पचनमार्गातल्या जिस्ट नावाच्या गाठीवरही चालतं, पण तो रक्ताचा आजारच नव्हे.

सीएमएलवरच का चालतं, ही गोष्ट सांगायलाच हवी. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा बुटकं दिसलं. तेच फिलाडेल्फिया गुणसूत्र. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी त्याचं कारण शोधलं: ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्या सांध्यावर दोन जनुकं चिकटून बीसीआर-एबीएल हे नवंच जनुक तयार होतं. त्याच्यापासून बनणारं एन्झाइम पांढऱ्या पेशींना वाढत राहण्याचा हुकूम देत राहतं, ते थांबतच नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे सीबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या एन्झाइमच्या नेमक्या खाचेत जाऊन बसणारा रेणू तयार केला. अमेरिकेत ओरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर त्याच्यामागे हट्टाने लागले आणि १९९८ च्या जूनमध्ये तो पहिल्यांदा रुग्णांना दिला गेला. हे सगळे आधीच्या उपचारांना दाद न दिलेले रुग्ण होते. रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशींचं प्रमाण पूर्ववत झालं, बहुतेकांचं चार आठवड्यांच्या आत. पुढच्या मोठ्या अभ्यासात सुरुवातीपासून इमॅटिनिब घेतलेल्या रुग्णांचं दहा वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ८३ टक्के निघालं. कर्करोगाच्या संशोधनात इतकी सरळ रेषा फार क्वचित सापडते. बुटक्या गुणसूत्रापासून गोळीपर्यंत चाळीस वर्षं लागली, आणि या सगळ्या कामाचं फिरत्या मेसेजमध्ये एक चुकीचं नाव तेवढं उरलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ‘बरा करतं’ या शब्दांकडे येऊ. सीएमएलचा रुग्ण साधारणपणे ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज, जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासोबत घेतो. सकाळी पापण्या सुजलेल्या असतात, रात्री पायात गोळे येतात, सुरुवातीला मळमळतं. दर तीन महिन्यांनी रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलं आहे हे मोजणारी पीसीआर तपासणी करावी लागते. रिपोर्टवरचा आकडा १० टक्क्यांवरून १ वर आणि तिथून ०.१ च्या खाली उतरत गेला की गाडी रुळावर आहे असं समजायचं. आकडा बराच काळ तळाला राहिलेल्या निवडक रुग्णांत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळी थांबवून बघता येते. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षं आजाराचा मागमूस नसलेल्यांनी गोळी थांबवल्यावर वर्षभराने जेमतेम चाळीस टक्के लोकांत आजार परतलेला नव्हता. बाकीच्यांना गोळी पुन्हा सुरू करावी लागली. मधुमेहासारखा ताब्यात ठेवायचा हा आजार आहे. ‘औषध घेतलं, बरा झालो’ म्हणून मनानेच गोळी सोडणाऱ्यांचं पुढे फार वाईट होतं.

आणि लिम्फोमाच्या रुग्णाला? इमॅटिनिबचा काही उपयोग नाही. सर्वांत जास्त आढळणाऱ्या डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमात आर-चॉप देतात: रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड, तीन केमोची औषधं आणि स्टेरॉइड, साधारण दर २१ दिवसांनी, बहुधा सहा वेळा. यातून निम्म्याहून अधिक रुग्ण खरोखर बरे होतात. हॉजकिन लिम्फोमात तर त्याहूनही जास्त. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी पहिल्यांदा आजार काही काळ मागे हटवून दाखवला. त्यासाठी वापरलेलं औषध अमेरिकेत काम करणारे आपले भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या प्रयोगशाळेतून आलं होतं. आज प्रगत देशांत अशी दहापैकी नऊ मुलं वाचतात, दोन-अडीच वर्षांच्या शिस्तबद्ध उपचारांनी.

‘बरा होतो’ हे शब्द वापरायचेच असतील तर ते या आजारांसाठी वापरावेत. मेसेज मात्र याच रुग्णांना त्यांच्या उपयोगाच्या नसलेल्या गोळीकडे पाठवतो.

नवं संशोधनच हवं असेल तर ते आपल्या मुंबईत झालं आहे. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून नेक्सकार१९ ही कार-टी सेल उपचारपद्धती विकसित केली. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांत जनुक घालून त्यांना कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवायचं, संख्या वाढवायची आणि पुन्हा शिरेतून सोडायच्या. टाटा मेमोरियलच्याच खारघरमधल्या अॅक्ट्रेक या केंद्रात जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशाच्या औषध नियामकाने मंजुरी दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. परदेशाच्या मानाने खर्च बराच कमी असला तरी तो लाखांत आहे, आणि आधीचे उपचार करूनही उलटलेल्या किंवा न हटलेल्या बी-पेशींच्या (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) ल्युकेमिया-लिम्फोमासाठीच ती आहे. इथेही प्रश्न तोच: नेमका कोणता प्रकार?

मी एका कॅन्सर रुग्णालयाच्या मदतकक्षात काम करते. मानेला गाठ आलेल्या एका तरुणाचा भाऊ हाच मेसेज दाखवून चेन्नईच्या गाडीचं विचारत होता. फाइल उघडली तर सोनोग्राफी, सुई घालून केलेली तपासणी आणि क्षयरोगाच्या गोळ्यांचा कागद. आपल्याकडे गाठ म्हटली की आधी टीबीचा संशय येतो, ते साहजिकही आहे. पण गोळ्या चालू असूनही गाठ वाढत होती आणि बायोप्सी झालेलीच नव्हती. लिम्फोमा ओळखायला सुईचे चार थेंब बहुधा पुरत नाहीत. गाठ किंवा तिचा पुरेसा तुकडा काढून त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींवरची प्रथिनं रंगवून ओळखण्याची तपासणी करावी लागते, तेव्हा प्रकार कळतो. त्या घराला औषधाआधी निदान हवं होतं, आणि मेसेजमध्ये तपासणीचा ‘त’ही नाही.

दावा: अड्यारला मोफत मिळतं

अड्यारची संस्था खरी आहे आणि मोठी आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९५४ मध्ये ती उभी केली, डॉ. व्ही. शांता यांनी आयुष्य तिला वाहिलं. गरिबांना तिथे सवलतीत आणि मोफतही उपचार मिळतात. पण कुणीही यावं आणि ब्लड कॅन्सरची गोळी घेऊन जावं, असं तिथे काही नाही. मेसेज दिशाभूल करणारा आहे, असा खुलासा संस्थेला स्वतःच करावा लागला.

‘मोफत’चं मूळ बहुधा दुसरीकडे आहे. नोव्हार्टिस आणि रुग्णांना मदत करणारी मॅक्स फाउंडेशन ही संस्था यांच्या योजनेतून २००२ पासून भारतातल्या हजारो रुग्णांना ग्लिव्हेक विनामूल्य मिळालं, पण निदान सिद्ध झालेल्या आणि निकषांत बसणाऱ्यांनाच. बाकीच्यांना ग्लिव्हेकसाठी त्या काळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत, तर भारतीय कंपन्यांचं तेच औषध तेव्हा ८ ते १० हजारांत मिळे. ग्लिव्हेकच्या पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या (जुन्याच औषधाच्या नव्या रूपाला, ते जास्त गुणकारी ठरल्याशिवाय, पेटंट न देण्याचं कलम) आधारे कंपनीचा दावा फेटाळला. आज सीएमएलचा रुग्ण आपल्याच जिल्ह्यात परवडणाऱ्या दरात हे औषध घेऊ शकतो, याचं श्रेय त्या निकालाला आणि त्यासाठी लढलेल्या रुग्णसंघटनांना आहे. त्यासाठी चेन्नई गाठायची गरज नाही.

दावा: पुढे पाठवा, जीव वाचेल

अक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा प्रकार घ्या. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, आणि पहिल्या काही दिवसांतच मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. तोच रुग्ण त्या दिवशी योग्य ठिकाणी पोहोचला आणि एट्रा (अ जीवनसत्त्वाचं एक रूप) कॅप्सूल व आर्सेनिक ट्रायऑक्साइड सुरू झालं, तर कमी ते मध्यम धोक्याच्या गटातले दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त बरे होतात. अशा घरात हा मेसेज पोहोचला आणि रेल्वेच्या तिकिटात तीन दिवस गेले, तर ते दिवस कुठून भरून काढणार?

ग्रुपवर हा मेसेज दिसला तर उत्तर म्हणून एवढं लिहा: हे औषध फक्त सीएमएलसारख्या मोजक्या आजारांसाठी आहे, आधी हिमॅटॉलॉजिस्टला (रक्तविकारतज्ज्ञ) किंवा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरवर औषधोपचार करणारे डॉक्टर) दाखवा, खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मोठ्या रुग्णालयात जायचं ठरलं तर नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्स नेऊ नका. बायोप्सी केलेल्या लॅबमधून स्लाइड्स आणि गाठीचा तुकडा जतन केलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या. ते नसलं की सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून होते.