तालुक्याला कॉलेज दिलं म्हणजे उपकेंद्राला नर्स मिळते असं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सीमाभागातल्या दवाखान्यांत नर्स नाहीत, कारण नर्स तयारच होत नाहीत. प्रत्येक तालुक्याला नर्सिंग कॉलेज द्या, शिकलेल्या मुली इथेच राहतील. नाही राहिल्या तर बाँड घाला, म्हणजे ठराविक काळ इथेच काम करायची लेखी सक्ती. तोवर सहा महिन्यांचा कोर्स काढून पोरी उभ्या करा. खाली 'आमदारांपर्यंत पोचवा' अशी ओळ आहेच. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असेल, पण मी नर्सिंगच्या मुलींना वॉर्डात शिकवलंय, आणि यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा मला लंगडा वाटतो.

'नर्स तयार होत नाहीत' हे निदान कर्नाटकाबद्दल तरी कुणी म्हणू नये. नर्सिंग कॉलेजांच्या संख्येत हे राज्य देशात पुढे आहे. केरळच्या मुली वर्षानुवर्षं इकडे शिकायला येत आल्या, ते उगाच नाही. केंद्रानेही २०२३ मध्ये मेडिकल कॉलेजांना जोडून १५७ नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली. मग शिकलेल्या मुली जातात कुठे? बेंगळुरू, पुणे, आखाती देश. काही जणी लग्नानंतर काम सोडतात. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितलं होतं की पन्नास खाटांखालच्या खासगी दवाखान्यातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत. आपल्या भागातल्या एखाद्या लहान नर्सिंग होममध्ये नव्या सिस्टरच्या हातात काय पडतं, ते विचारून बघा.

सरकारी बाजूला अडचण वेगळी आहे. जागा मंजूरच कमी, आणि ज्या भरतात त्यातल्या बऱ्याच कंत्राटी. चोवीस तास चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राला तीन स्टाफ नर्स दिल्या की कागदावर काम भागलं. हिशेब करा: दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. तिघींत वाटल्या तर प्रत्येकीला सात. म्हणजे आठवड्याची सुट्टी नाहीच. एक बाळंतपणाच्या रजेवर गेली की उरलेल्या दोघींनी बाराबारा तास काढायचे. इथे चौथी जागा मंजूर व्हायला हवी. शेजारच्या गावात कॉलेज निघाल्याने ती होत नाही.

आता मजकुराच्या गाभ्याकडे येऊ: तालुक्याला कॉलेज. वर्गखोल्या बांधणं सोपं आहे. नर्स घडते ती खाटेशी. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी.च्या जुन्या अभ्यासक्रमात प्रत्येक मुलीने वीस नॉर्मल डिलिव्हऱ्या स्वतः करायच्या, पाच वेळा टाके घालायचे, पाच बाळांना श्वास सुरू करून द्यायचा, अशी यादी होती. साठ मुलींचा वर्ग धरला तरी बाराशे डिलिव्हऱ्या झाल्या. तालुक्याच्या दवाखान्यात त्या आणायच्या कुठून? मग काय होतं ते मी पाहिलंय. लेबर रूममध्ये एक बाई कळा देतेय, टेबलाभोवती आठ-दहा मुली टाचा उंचावून उभ्या आहेत. ग्लोव्ह्ज एकीच्याच हातात. संध्याकाळी ती एकच केस तिघींच्या वहीत चढते, आणि तिन्ही वह्यांवर सही होते. परीक्षेला वह्या सुरेख दिसतात. यातली एखादी पुढे रात्री दोन वाजता एकटी ड्युटीवर असते आणि समोर रक्तस्राव थांबत नसतो. मध्य प्रदेशात पुरेशा सोयींशिवाय नर्सिंग कॉलेजं भराभर निघाली तेव्हा प्रकरण हायकोर्टात गेलं, सीबीआय चौकशी लागली, आणि २०२४ मध्ये चौकशी करणारे सीबीआयचेच अधिकारी लाच घेताना पकडले गेले. नुसत्या सीटा वाढवण्याची वाट तिकडे जाते.

'इथेच राहतील' हा भाग तर फारच भाबडा. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी सायन्स लागतं, त्यातही बायॉलॉजी. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडची मराठी शाळेत शिकलेली, बारावी आर्ट्स केलेली मुलगी त्या दारातून आत जाऊच शकत नाही. तिला जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा एएनएम (उपकेंद्रावरच्या नर्सचा कोर्स) यांची वाट मोकळी असते. म्हणजे खानापुरात बी.एस्सी. कॉलेज काढलं तर सीटा भरतील बाहेरच्या मुलींनी, आणि चार वर्षांनी त्या आल्या तशा जातील. जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगतेय की खेड्यात टिकतं ते खेड्यातून आलेलं माणूस. थायलंडने नर्सेस त्या-त्या प्रांतातून निवडून परत तिथेच नेमल्या. आपल्याकडे वाढवायचंच असेल तर एएनएम-जीएनएमच्या सीटा वाढवा, त्या इथल्या मुलींसाठी राखा, सोबत इंग्रजी-कन्नडची तयारी करून घ्या. अशा कॉलेजाला माझा विरोध नाही.

पण ती मुलगी राहणार कुठे, हे कुणी लिहीत नाही. पावसाळ्यात भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवरून आजारी माणसाला खांद्यावर घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथल्या उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये छत गळतं, दार फुगून लागत नाही, लाइट गेली की दोन दिवस येत नाही. एकट्या बाईने तिथे रात्र काढावी असं म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या मुलीला पाठवावं. परिणामी सिस्टर बेळगावात राहते आणि बसने ये-जा करते. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या २०२३ च्या शक्ती योजनेपासून तिकिटाचे पैसेही लागत नाहीत, तिला दोष कसा देणार? पण शेवटची बस गेली की उपकेंद्राला कुलूप.

बाँडबद्दल फार लिहीत नाही. कर्नाटकाने डॉक्टरांसाठी २०१२ मध्ये सक्तीच्या ग्रामीण सेवेचा कायदा केला आणि पुढे तो ढिला करावा लागला, कारण रिकाम्या जागांपेक्षा पास होणारे डॉक्टरच जास्त झाले. जागाच नसेल तर बाँड घालून मुलीला बसवणार कुठे?

सहा महिन्यांच्या कोर्सची गोष्ट धोक्याची आहे. एएनएमलाही दोन वर्षं लागतात. उपकेंद्रावरच्या कम्युनिटी हेल्थ ऑफिसरचा सहा महिन्यांचा कोर्स लोक पुरावा म्हणून दाखवतात, पण तो मुख्यतः आधीच नर्स झालेल्यांसाठीचा जोडकोर्स आहे. इंजेक्शन देता येणं म्हणजे नर्सिंग नव्हे, हे आपल्या गावागावातल्या 'डॉक्टरां'कडून आपण पुरेसं शिकलोय.

काही ग्रुपांवर याच्याखाली उत्तर येतं की महाराष्ट्राने लक्ष घालावं. घातलंय, २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली. त्यातून ऑपरेशनचं बिल भागेल. पण कर्नाटकाच्या उपकेंद्रात नर्स नेमणं कर्नाटक सरकारच्याच हातात आहे. तेव्हा आमदारांना मजकूर पाठवायचाच असेल तर कॉलेजाची मागणी खाली ढकला आणि वर दोन प्रश्न लिहा: आपल्या केंद्रात नर्सच्या मंजूर जागा किती, त्यातल्या कायम किती? आणि क्वार्टरचं छत कधी होणार?