"तो नको" म्हणणाऱ्या बाबांशी बोलताना

पुण्यात वन बीएचके रिकामा असतो. एजंट सुदानच्या विद्यार्थ्याचे कागद पाठवतो आणि बाबा फोटो बघूनच म्हणतात, "हा नको." लेक भडकते, "बाबा, तुम्ही रेसिस्ट आहात!" झालं. बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, आई पानं घ्यायला उठते, विषय बंद.

तो शब्द आधी काढूच नका. "का नको?" एवढंच विचारा. "काळा आहे म्हणून" असं कोणी सांगत नाही. पोलिसांची झंझट, भाडं बुडवेल, सोसायटी ऐकणार नाही, अशी कारणं येतात. ती खरी धरून एकेक निकालात काढा.

पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं बोनाफाइड यांच्या प्रती घ्यायच्या. परदेशी भाडेकरू राहायला आला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची. गोरा जर्मन आला तरी हे चुकत नाही. लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरार) 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची, आणि ती जबाबदारी घरमालकाचीच. भाडं बुडण्याची भीती असेल तर डिपॉझिट कशासाठी घेतो आपण? आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर लावता येत नाही.

एवढं होऊनही "तरी पण..." येतंच. खरं बोलणं इथून पुढे. "जर्मन मुलगा असता तर दिला असता ना?" असं विचारा आणि गप्प बसा. बहुतेक मुली इथे न राहवून स्वतःच उत्तर देतात, मग भाषण सुरू होतं आणि बाबा सुटतात.

बाबा इतिहासवेडे असतील तर मलिक अंबर काढा. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला, आणि 1624 साली भातवडीला शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. "तो वेगळा!" हे उत्तर ठरलेलं. "वेगळा कसा?" विचारून सोडून द्या.

हे सगळं दोघांतच. जावयासमोर किंवा फॅमिली ग्रुपवर काढलंत तर बाबा निव्वळ अब्रूसाठी अडून बसतील.

आणि शेवटी नाहीच म्हणाले तर "फ्लॅट गेला" हा खोटा फोन तुम्ही करू नका. नकार बाबांनाच कळवू दे, आणि तोही त्याच दिवशी. तो पोरगा लॉजचं भाडं भरत थांबलेला असतो.